आजोबांची बारा बोर आणि ट्रंकेतला परवाना

नाशिक जिल्ह्यातल्या मोसम खोऱ्यात बंदूक दुकानातून विकत आणणारे थोडेच. इथे ती बहुधा वाटणीत येते. थोरल्याला विहिरीजवळचं रान, धाकट्याला राहतं घर आणि त्याच घराच्या माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवलेली आजोबांची बारा बोर किंवा त्याहून जुनी ठासणीची बंदूक. परवाना कुठल्यातरी ट्रंकेत असतो. त्यावर शेवटचा शिक्का कधी बसला ते कोणाला आठवत नाही. ‘नुसती पडून तर आहे’ म्हणून ती तशीच राहते. परवाना मात्र माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक गेला की घरातल्या दुसऱ्या कोणालाही ती बंदूक बाळगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आणि वर दंड आहे. म्हणून नव्या परवान्याची गोष्ट नंतर करू. आधी माळ्यावरची बंदूक खाली घेऊ.

खाली घेऊ म्हणजे पोलीस ठाण्यात पोचवू. कायद्याचं कलम २१ सांगतं, की परवान्याची मुदत संपली, तो रद्द झाला किंवा अन्य कोणत्याही कारणानं शस्त्र बाळगणं बेकायदेशीर झालं, तर विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. इथल्या नामपूरकरांसाठी हे ठाणं जायखेड्याचं. न्यायच्या आधी ठाण्याला फोन करून कळवा, शक्य असेल तर पोलिसांनाच घरी बोलवा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि वारसाचा साधा अर्ज सोबत असू द्या. बंदूक भरलेली आहे की रिकामी हे घरच्या घरी तपासत बसू नका. ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षांची दारू नळीतच राहिलेली असू शकते आणि बाहेरून ते कळत नाही.

जमा करताना मिळणारी पोच हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद. तिच्यावर ‘एक जुनी बंदूक’ एवढंच लिहून घेऊ नका. बनावट, बोर, नळीवरचा क्रमांक, काडतुसं किती, हे सगळं यायला हवं. जमा केली म्हणजे बंदूक सरकारची झाली, असा समज लोकांना घाबरवतो आणि मग ती माळ्यावरच राहते. तसं नाही. वारसाला परवाना मिळाला तर शस्त्र परत मिळतं, आणि परवाना नको असेल तर ठरलेल्या मुदतीत ते विकण्याची व्यवस्था करता येते. ही मुदत मात्र पाळावी लागते. ती उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

वारसाच्या नावे परवाना घेण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. वारसांपैकी एकानं अर्ज करायचा आणि बाकीच्यांचं ना हरकत पत्र जोडायचं. इथेच बहुतेक अर्ज अडतात. सातबाऱ्यावर नाव लावताना भांडलेले भाऊ बंदुकीच्या ना हरकतीवर सही करायला दहा अटी घालतात, आणि बहिणींची सही लागते हे तर अनेकांच्या गावीही नसतं. त्यापेक्षा वडील हयात असतानाच हे उरकणं शहाणपणाचं. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे असल्याला २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो स्वतः वारस नेमून शस्त्र त्याच्याकडे सोपवण्यासाठी अर्ज करू शकतो. नेमलेल्या वारसालाही परवान्याच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. फक्त ‘बंदूक कशाला हवी’ या प्रश्नाचं उत्तर त्याला सोपं जातं.

जुन्या परवान्याबाबत आणखी एक गोष्ट पाहा. त्यावर यूआयएन, म्हणजे देशभरातल्या परवान्यांच्या संगणकीय नोंदवहीतला एकमेव क्रमांक, आहे का? केंद्र सरकारनं हा क्रमांक घेण्याची मुदत अनेकदा वाढवली आणि २०२० मध्ये ती संपली. त्यानंतर यूआयएन नसलेला परवाना, शिक्का कितीही ताजा असला तरी, वैध धरला जात नाही.

आता नळीकडे या. बंदुकीवर निर्मात्याचं नाव, क्रमांक, नव्या शस्त्रांवर निर्मितीचं वर्ष आणि चाचणीचा ठसा असतो. परवान्यावर नोंदलेला क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांत कारकुनानं ३ चा ८ केलेला असतो, इंग्रजी अक्षर गाळलेलं असतं. अशी चूक दिसली तर नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. क्रमांक नीट दिसत नाही म्हणून लेथवाल्याकडे नेऊन नळी घासून घेणं, नवा ठोकून घेणं, रंग मारणं हे चुकूनही करू नका. कलम ८ प्रमाणे ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोटी उठवणं हा गुन्हा आहे. त्यातही भीती वाटावी अशी बाब म्हणजे, खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ती पुसली असं न्यायालय गृहीत धरतं. मी पुसली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आजोबांच्या काळात गंजानं खाल्लेला क्रमांक असेल तर तो आज तुम्ही स्वतःहून दाखवलेला बरा. निर्मात्याचं नाव किंवा क्रमांक नसलेली बंदूक विकता किंवा हस्तांतरित करता येतच नाही.

या एका क्रमांकावर सगळा डोलारा उभा आहे. गुन्ह्यात सापडलेलं शस्त्र कारखान्यातून कोणत्या विक्रेत्याकडे, त्याच्याकडून कोणाकडे गेलं हे शोधायचं तर तो क्रमांकच वाट दाखवतो. अमेरिकेत १९८६ च्या एका कायद्यानं बंदूकमालकांची देशव्यापी सरकारी नोंदवही करायलाच मनाई केली. तिथे तपास अधिकारी निर्मात्यापासून दुकानदारापर्यंत एकेकाचं दप्तर धुंडाळत जातात. आपली व्यवस्था त्या मानानं सरळ आहे, पण तिच्यातली नोंद खरी असेल तरच.

सराईत गुन्हेगाराला ही अडचणच नसते. त्याच्याकडच्या गावठी कट्ट्यावर नाव नाही, क्रमांक नाही. उत्तर महाराष्ट्रात असे कट्टे आणि पिस्तुलं पकडली गेली की तपासाचा धागा वारंवार सातपुड्याकडे, चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडे जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या जळगाव जिल्ह्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी त्या गावावर मोठा छापा घातला. हे सांगण्याचं कारण एवढंच, की यात्रेत, ढाब्यावर किंवा मोबाइलवर कोणी ‘स्वस्तात वस्तू’ दाखवली तर तिथून उठा. बेकायदा शस्त्रं बनवणं आणि विकणं याला आता किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे, आणि विकत घेणाराही सुटत नाही. त्यातून अशा कट्ट्याची नळी कशी फुटते हे पाहायचं असेल तर एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा.

कायदेशीर बंदूक विकायची असेल तर सोपा मार्ग परवानाधारक विक्रेत्याचा. तो त्याच्या नोंदवहीत नोंद घेतो, तुमच्या परवान्यावर शेरा मारतो. दुसऱ्या व्यक्तीला थेट विकायचंही स्वातंत्र्य आहे, पण घाई चालत नाही. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राचा चालू परवाना हवा, त्यावर जागा हवी. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. वारशानं आलेलीही या दोनमध्येच मोजतात. आधी पैसे, मग बंदूक, कागद ‘नंतर बघू’ हा कांद्याच्या सौद्यातला रिवाज इथे तुरुंगात नेतो.

विकणं नाही, नुसती ‘चार दिवस वापरायला’ देणं हेही तितकंच धोक्याचं. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. तपासात समोर आलं ते असं, की झाडलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. परवाना खरा, बंदूक खरी, हात भलताच. मळ्यावर रखवालीला ठेवलेल्या माणसाच्या हाती आपली बंदूक देणाऱ्या बागायतदारानं हे लक्षात ठेवावं. एक सवलत मात्र कायद्यात आहे: दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला शस्त्र नेता येतं. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून मुलगा बंदूक घेऊन नाशिकला निघाला, तर वडिलांच्या सहीचं पत्र आणि मूळ परवाना त्याच्या खिशात हवा.

आता नव्या परवान्याचं. माझं मत आधी सांगून टाकतो: नामपूर बाजार समितीत कांदा घालून पैसे घेऊन घरी जाणाऱ्या शेतकऱ्याला रिव्हॉल्व्हरपेक्षा बँकेचं खातं जास्त वाचवतं. वाटेत दोन मोटारसायकली आडव्या आल्या तर कमरेचं शस्त्र काढायला वेळ मिळत नाही. उलट लुटारूंना रकमेसोबत तेही मिळतं. रोकड सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते, पण त्यानंही आधी सीसीटीव्ही, सोबतीला माणूस, येण्याजाण्याची वेळ बदलणं हे करून पाहावं.

पीकरक्षणाचा मुद्दा मात्र खरा आहे. मक्यात रानडुकरांचा कळप एका रात्री काय करतो ते पश्चिम बागलाणच्या डोंगरकडेला शेती असणाऱ्याला सांगायला नको. कलम १३ मध्ये यासाठी खास जागा आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत नळी असलेल्या बंदुकीचा परवाना, पात्र माणसाला द्यावा असं कायदा म्हणतो. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर तो पिकांसाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोर, देऊ शकतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला हा न्याय लागू नाही. तिथे सबळ कारण तुम्हाला दाखवावं लागतं. अर्जात ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढाच शब्द टाकू नका. गट क्रमांक, पीक, जंगलाची हद्द, वनखात्यानं केलेले नुकसानीचे पंचनामे, भरपाईचे आदेश जोडा. अधिकाऱ्यापुढे बोलतात ते हेच कागद.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, हा मोठा गैरसमज. शस्त्र अधिनियम बंदूक बाळगू देतो. प्राण्यावर ती चालवायची की नाही हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ठरवतो. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी आधी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करून वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. आवाज करून हुसकावणं वेगळं, नेम धरणं वेगळं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झाला तरी त्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. अंगावर चालून आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं तो मारला गेला तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण शेळी नेली म्हणून बंदूक घेऊन उसात शिरणाऱ्याला हे संरक्षण नाही.

नामपूर ग्रामीण हद्दीत असल्यानं परवाना नाशिकचे जिल्हा दंडाधिकारी देतात. नाशिक शहरातल्या नातेवाइकाचा परवाना पोलीस आयुक्तांकडून आलेला असतो, त्यामुळे त्याची पद्धत आपल्याला तंतोतंत लागू होईल असं नाही. वय किमान २१ हवं. अर्ज ए-१ नमुन्यात, केंद्राच्या एनडाल-एलिस या संकेतस्थळावर भरायचा. छायाचित्रं, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा यांसोबत तीन गोष्टी लागतात ज्या लोक विसरतात: शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ते सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. नमुने अनुक्रमे एस-१, एस-२, एस-३. मग पोलीस चौकशी. नियमाप्रमाणे ३० दिवसांत अहवाल जायला हवा. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेला आणि ती संपून पाच वर्षं न झालेला माणूस, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राखाली असलेला माणूस अपात्र ठरतो. बांधावरून झालेली मारामारी, त्यातली फिर्याद, हे लपवू नका. पोलिसांच्या दप्तरात ते असतंच, आणि खोटी माहिती हे परवाना रद्द करण्याचं स्वतंत्र कारण आहे. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणारा दलाल या साखळीत कुठेही लागत नाही.

अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागा. सार्वजनिक हिताला बाधा येईल असं अधिकाऱ्याला वाटत नसेल तर ते द्यावं लागतं. आदेशापासून ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्यात एतद्देशीयांना वेगळा न्याय होता. त्याच कायद्याच्या काळात, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून लपवून आणलेल्यांपैकी होतं. तो कायदा गेला. १९५९ च्या कायद्यानं नागरिकाला अर्ज करण्याचा, कारण विचारण्याचा आणि अपिलाचा हक्क दिला. तो वापरावा.

परवान्याची मुदत आता पाच वर्षं. संपण्याच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षात किती, परवाना जिल्ह्यापुरता की राज्यभर, हे त्यावरच लिहिलेलं असतं. आपल्याकडून गुजरातची हद्द जवळ. सोयरिकीला जाताना गाडीत बंदूक ठेवण्याआधी ते वाचा. घर बदललं तर महिन्याच्या आत कळवा. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर शोधाशोध करण्यात दिवस न घालवता तत्काळ पोलिसांत द्या.

घरात बंदूक रिकामी, कुलुपात. काडतुसं वेगळ्या कुलुपात. किल्ली देव्हाऱ्यात किंवा फोटोमागे नको, ती जागा घरातल्या पोरांना आधी ठाऊक असते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची, आवराआवर करताना. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. हळदीत, वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते, आणि मांडवाला पत्रा नसतो. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्या पोरांनाही हाच अधिनियम लागतो, हे जाता जाता. बंदुकीसोबतची रील टाकू नका. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची झाडाझडती झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले; समाजमाध्यमांवर बंदुका मिरवणाऱ्यांवरही तेव्हा गुन्हे दाखल झाले.

राहता राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा निरोप येतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करता येत नाहीत, प्रत्येक परवान्याचा विचार छाननी समितीनं करायला हवा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००९ मध्ये घेतली. म्हणून तोंडी निरोपावर वाद घालू नका आणि त्यावर शस्त्रही देऊ नका. लेखी नोटीस मागा. बागेत डुकरांचा त्रास चालू असेल किंवा जिवाला धोका असेल तर समितीकडे सूट मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोटीस आली तर मात्र मुदतीत जमा करा, पोच घ्या. निकालानंतर आठवडा उलटला की परत मागायला जा. ठाण्याच्या कपाटात सारख्या दिसणाऱ्या दहा बारा-बोर असतात. नळीवरचा क्रमांक वाचून, दस्ता आणि घोडा तपासून, काडतुसं मोजून घ्या आणि मगच परत मिळाल्याची सही करा.